मोजणारा कोण, मोजपट्टी कोणाची

मधुमेह आहे की नाही हे रक्ताचा एक नमुना सांगून टाकतो. स्मृतिभ्रंशाचे, म्हणजे ज्याला आता आपण सर्रास डिमेन्शिया म्हणतो त्याचे, तसे नाही. मेंदूत अमायलॉइड नावाचे प्रथिन साचले आहे का, हे अलीकडे स्कॅनमधून आणि रक्तातूनही कळू लागले आहे. पण प्रथिन साचले म्हणून माणूस हरवतोच असे नाही, आणि त्याचे रोजचे व्यवहार विस्कटलेत का हे कोणतेही यंत्र सांगत नाही. ते विचारूनच घ्यावे लागते. आज वार कोणता, मघाशी सांगितलेल्या तीन वस्तू कोणत्या, ही आकृती पाहून तशीच काढता येते का, असे प्रश्न विचारायचे, घरच्यांशी बोलायचे आणि मग ठरवायचे. या रोगाची मोजपट्टी अशी भाषा, शाळा आणि राहणी यांतूनच तयार होते. त्यामुळे ती कोणी बनवली, कोणाला समोर ठेवून बनवली आणि बनवण्यासाठी पैसा कोणाला मिळाला, हे प्रश्न वैद्यकशास्त्राच्या उंबऱ्याबाहेर ठेवता येत नाहीत. वृद्धत्व आणि स्मृतिभ्रंश यांच्या संशोधनासाठी निरनिराळ्या समाजांतून आलेल्या अभ्यासकांना मुद्दाम पैसा द्यावा का, हा वाद अमेरिकेत कित्येक वर्षे चालू आहे. बहुतेक जण त्याकडे सामाजिक न्यायाचा वाद म्हणून पाहतात. माझ्या मते तो आधी मोजमापाच्या अचूकतेचा वाद आहे. न्यायाचा मुद्दा खराच, पण तो त्यानंतरचा.

हे पटण्यासाठी हरियाणातल्या बल्लभगढला जावे लागेल. १९९० च्या दशकात तिथल्या खेड्यांत भारत आणि अमेरिका यांचा एक संयुक्त अभ्यास झाला. पैसा होता अमेरिकेच्या राष्ट्रीय वृद्धत्व संस्थेचा आणि तुलना होती पेनसिल्व्हेनियातल्या मोनोंगाहेला खोऱ्यातल्या वृद्धांशी. जगभर चालणारी तीस गुणांची चाचणी, १९७५ सालची मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन, हाताशी होतीच. पण बल्लभगढमध्ये ५५ वर्षांवरच्या ज्या पाच हजारांहून अधिक माणसांना तपासायचे होते, त्यांतले जवळजवळ तीन चतुर्थांश निरक्षर होते. मूळ चाचणीत एक कागद दाखवतात, त्यावर ‘डोळे मिटा’ असे लिहिलेले असते, आणि वाचून तसे करायचे असते. ज्याने आयुष्यात अक्षर गिरवले नाही त्याचा इथे एक गुण गेलाच. पुढे एक वाक्य लिहायला सांगतात, तिथे दुसरा गेला. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या भारतीय वंशाच्या मनोविकारतज्ज्ञ मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही चाचणी हिंदीत नव्याने उभी केली आणि १९९५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ‘डोळे मिटा’ वाचायच्या जागी ‘माझ्या चेहऱ्याकडे बघा आणि मी करतो तसे करा’ असे आले. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराबद्दल एक वाक्य सांगायचे होते. वेळेची जाण तपासताना सकाळ आहे, दुपार आहे की संध्याकाळ, असे विचारायचे. ठिकाणाची जाण तपासायला प्रश्न होता, तुमचे गाव कोणत्या पोस्टाखाली येते? लक्षात ठेवायच्या तीन वस्तू होत्या आंबा, खुर्ची आणि नाणे.

त्याच अभ्यासात घरच्यांना विचारायची एक वेगळी प्रश्नावलीही तयार झाली. पाश्चात्त्य प्रश्नावल्यांत बँकेचे हिशेब, फोन, बाजारहाट, स्वतःचा स्वयंपाक येतो. उत्तर भारतातल्या खेड्यात सत्तरीच्या आजोबांना यातले काहीच करावे लागत नाही. सुना-नातवंडे सगळे हातात आणून देतात. तेव्हा आजोबांची बुद्धी ढासळली तरी या प्रश्नांतून ते कळणार कसे? म्हणून इथे विचारले गेले ते असे: आत्ताच जेवूनही पुन्हा जेवण मागतात का, दिलेला निरोप पोहोचवायचे लक्षात राहते का, होळी-दिवाळी आठवते का, गावातल्या गावात वाट चुकतात का. हे प्रश्न सुचायला न्यूरॉलॉजीची पदवी लागते आणि एकत्र कुटुंबातला म्हातारा माणूस दिवसभर काय करतो याची माहितीही लागते. दोन्ही एकाच गटात असणे हा योगायोग नसतो, त्यासाठी कोणाला तरी अनुदान मंजूर करावे लागते. या अभ्यासात ६५ वर्षांवरच्या लोकांत अल्झायमरचे प्रमाण शेकडा १ च्या आसपास आले, तोवर जगात नोंदल्या गेलेल्या सर्वांत कमी आकड्यांपैकी एक. तो इतका कमी का, यावर पुढे पुष्कळ चर्चा झाली. रोग जडल्यावर माणसे लवकर दगावत असतील, तपासलेल्या गटात अगदी म्हातारी माणसे थोडी असतील, वारशाने येणारा धोका कमी असेल. पण चर्चा या कारणांवर होऊ शकली ती चाचणीने निरक्षरतेला रोग ठरवले नव्हते म्हणूनच.

हाच गुंता अमेरिकेच्या पोटातही आहे. अल्झायमर्स असोसिएशनच्या वार्षिक अहवालांनुसार तिथल्या वृद्ध कृष्णवर्णीयांत अल्झायमर आणि इतर स्मृतिभ्रंशांचे प्रमाण गोऱ्या वृद्धांच्या साधारण दुप्पट आहे आणि हिस्पॅनिक वृद्धांत दीडपट. या आकड्यात रोग किती आणि मोजपट्टीचा दोष किती? न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या जेनिफर मॅनली यांनी या प्रश्नाला फार साध्या जागी हात घातला. चाचण्यांचे गुण लावताना शिक्षणाची वर्षे धरण्याची पद्धत आहे. आठवी शिकलेल्याची तुलना आठवी शिकलेल्याशीच. ऐकायला रास्त वाटते. पण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या शाळांचे वर्ष लहान असे, वर्गात मुले कोंबलेली असत आणि दर मुलामागे होणारा खर्च गोऱ्यांच्या शाळांच्या मानाने तुटपुंजा असे. तिथली आठवी आणि गोऱ्यांच्या शाळेतली आठवी एक नव्हती. मॅनली यांनी शाळेची वर्षे मोजण्यापलीकडे जाऊन माणसाला वाचता किती चांगले येते हे तपासले. २००२ च्या त्यांच्या अभ्यासात वाचनाची पातळी हिशेबात घेताच गोऱ्या आणि कृष्णवर्णीय वृद्धांच्या चाचण्यांतली बरीचशी तफावत ओसरली. म्हणजे वंशाच्या नावावर खपवला जाणारा फरक पुष्कळ अंशी शाळेचा होता. मॅनली स्वतः कृष्णवर्णीय आहेत. हा प्रश्न फक्त कृष्णवर्णीय अभ्यासकालाच सुचला असता असे मी म्हणणार नाही. इतकेच म्हणेन की त्याआधी अनेक वर्षे गोऱ्या अभ्यासकांनी हीच आकडेवारी पाहिली होती आणि शिक्षणाची वर्षे धरली म्हणजे काम झाले असे मानले होते.

मोजपट्टी चुकली की काय होते, याचा धडा व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलने दिला. डोक्याला वारंवार मार बसून स्मृतिभ्रंश झालेल्या निवृत्त खेळाडूंना भरपाई देण्यासाठी एनएफएल या संघटनेशी कोर्टात तडजोड झाली. भरपाई मिळायची तर बुद्धी किती घसरली हे सिद्ध करावे लागे. कृष्णवर्णीय खेळाडूची घसरण मोजताना मात्र वंशानुसार वेगळी प्रमाणके वापरली जात. त्याची मूळ पातळीच गोऱ्या खेळाडूहून खालची होती असे ती गृहीत धरत. परिणाम उघड आहे. दोघांना सारखेच गुण पडले तर गोऱ्या खेळाडूला स्मृतिभ्रंश ठरे आणि कृष्णवर्णीय खेळाडू ‘आधीपासूनच असा’ ठरून रिकाम्या हाताने परते. २०२० मध्ये दोन माजी खेळाडू कोर्टात गेले आणि २०२१ मध्ये ही पद्धत सोडण्याचे एनएफएलने जाहीर केले. यातली गंमत म्हणा की शोकांतिका, ही प्रमाणके मूळ वाईट हेतूने बनलेली नव्हती. धडधाकट कृष्णवर्णीय माणसांना चाचण्या सरसकट रोगी ठरवत होत्या, ते थांबवण्यासाठी ती बनली. पण शाळा, गरिबी, आयुष्यभराची वागणूक हे सगळे ‘वंश’ या एका रकान्यात कोंबले की उपाय कधी अपाय होईल याचा नेम नसतो.

आता पैशाकडे वळू. अमेरिकेत वैद्यकीय संशोधनाची मोठी तिजोरी म्हणजे राष्ट्रीय आरोग्य संस्था, एनआयएच. तिच्याच पुढाकाराने अर्थतज्ज्ञ डोना गिंथर आणि सहकाऱ्यांनी २००० ते २००६ मधले ऐंशी हजारांहून अधिक अर्ज तपासले. शिक्षण, प्रशिक्षण, आधीची अनुदाने, प्रसिद्ध झालेले निबंध, विद्यापीठाचा दर्जा, सगळे जमेस धरूनही कृष्णवर्णीय अर्जदारांना अनुदान मिळण्याचे प्रमाण गोऱ्यांच्या तुलनेत शंभरात दहांनी कमी निघाले. हा निष्कर्ष २०११ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला आणि संस्था हादरली. २०१९ मध्ये एनआयएचच्याच अभ्यासकांनी पुढचा थर उकरला. कृष्णवर्णीय अर्जदार लोकसमूहांच्या आरोग्यावरचे विषय अधिक निवडत आणि पेशींच्या अंतर्गत यंत्रणेवरचे कमी. तफावतीचा पाचवा हिस्सा तरी या विषयनिवडीशी जुळत होता. स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत हा तपशील कळीचा आहे, कारण शाळा कशी होती, घरात कोण काय करते, कोणत्या भाषेत विचारावे, हे सगळे लोकसमूहांच्या बाजूचेच विषय. याच काळात अल्झायमरवरचा सरकारी खर्च प्रचंड वाढला. २०११ मध्ये राष्ट्रीय अल्झायमर प्रकल्प कायदा झाला, तेव्हा एनआयएचचा या रोगावरचा वार्षिक खर्च ५० कोटी डॉलरच्या आत होता. २०२३ पर्यंत तो साडेतीन अब्जांच्या पुढे गेला. इतका पैसा येत असताना तो कोणत्या प्रश्नांकडे जातो, हे बघणे म्हणजे रडगाणे गाणे नव्हे.

एनआयएचचाच भाग असलेल्या राष्ट्रीय वृद्धत्व संस्थेने यावर आधीच एक वाट काढली होती. १९९७ मध्ये अल्पसंख्य समाजांतल्या वृद्धत्वाच्या संशोधनासाठी साधनकेंद्रे सुरू झाली. त्यांची रचना मला शहाणपणाची वाटते. तरुण अभ्यासकाला लहानशी प्राथमिक रक्कम मिळते, सोबत एक मुरलेला मार्गदर्शक आणि आकडेशास्त्राची मदत. त्यातून जो पुरावा हाती येतो तो घेऊन त्याने पुढे मोठ्या अनुदानासाठी सगळ्यांशी स्पर्धा करायची. बक्षीस कोणालाच फुकट नाही, पहिल्या पायरीवर हात मात्र दिला जातो. अल्झायमर्स असोसिएशन या स्वयंसेवी संस्थेनेही वैविध्यासाठी वेगळे संशोधन अनुदान ठेवले.

याला विरोध करणारे सगळेच वर्णद्वेषी असतात असे समजणे आळशीपणाचे आहे. त्यांच्या हातात पुरावाही आहे, आणि तो सोडून पुढे जाता येत नाही. २०१९ मध्येच विस्कॉन्सिनच्या अभ्यासकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. खरे शोधप्रस्ताव घेतले, त्यांवर गोऱ्या-काळ्या, स्त्री-पुरुष अशी वेगवेगळी बनावट नावे घातली आणि चारशेहून अधिक शास्त्रज्ञांकडून त्यांची समीक्षा करवली. नावागणिक गुणांत म्हणावा असा फरक पडला नाही. एनआयएचने आणखी एक प्रयोग केला. अर्जदाराची ओळख पटेल असा मजकूर काढून टाकून अर्ज पुन्हा तपासायला दिले. कृष्णवर्णीयांचे गुण जवळजवळ होते तिथेच राहिले, गोऱ्यांचे थोडे घसरले. मग भेदभाव आहे कुठे, असा सवाल येतो आणि तो रास्त आहे. माझे उत्तर असे की समीक्षकाच्या मनात भेदभाव सापडला नाही, याचा अर्थ व्यवस्था सपाट आहे असा होत नाही. २०२१ मधल्या एका विश्लेषणात दिसले की कृष्णवर्णीय अर्जदारांच्या आवडीच्या विषयांचे अर्ज एनआयएचमधल्या ज्या संस्थांकडे जातात त्यांचे मंजुरीचे प्रमाणच मुळात कमी आहे. म्हणजे दोष कोणा एकाच्या डोळ्यांत नसून तिजोरीचे कप्पे कसे पाडले त्यात आहे. ओळख झाकल्यावर गोऱ्यांचे गुण घसरावेत, यावरून तर वाटते की चांगल्या विद्यापीठाचे आणि नावाजलेल्या गुरूचे वजन त्यांच्या पारड्यात पडत असावे. हे खरे असेल तर समीक्षकांना संवेदनशीलतेचे वर्ग लावून फारसे काही साधणार नाही. पहिल्या पायरीवरचा पैसा आणि विषयांना दिलेले महत्त्व यांनी साधेल.

दुसरा आक्षेप याहून टोकदार आहे. विषय महत्त्वाचे असतील तर विषयांना पैसा द्या, माणसांची जात-वंश कशाला पाहता? चांगला शास्त्रज्ञ कुठल्याही समाजाचा अभ्यास करू शकतो. तत्त्व म्हणून मला हे मान्य आहे. बल्लभगढच्या गटातही अमेरिकन होतेच आणि त्यांच्याशिवाय ते काम उभे राहिले नसते. पण विषयांची यादी आधी कोणी तरी करावी लागते, आणि यादीत नसलेला प्रश्न कोणी मागवत नाही. हैदराबादचे उदाहरण घ्या. दोन भाषा येणाऱ्यांना स्मृतिभ्रंश उशिरा होतो असे टोरोंटोच्या एका अभ्यासात दिसले होते. पण तिथले द्विभाषिक बहुतांशी परदेशांतून आलेले, तेव्हा फरक भाषेचा की स्थलांतराचा हे सुटत नव्हते. हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूटमध्ये सुवर्णा अल्लादी यांच्या गटाने ६४८ रुग्णांच्या नोंदी पाहिल्या. तेलुगू, दक्खिनी उर्दू, हिंदी, इंग्रजी यांतल्या दोन-तीन भाषा तिथे पिढ्यान्‌पिढ्या गावच्या गावातच बोलल्या जातात, त्यासाठी कोणाला देश सोडावा लागत नाही. द्विभाषिकांत रोगाची लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसली, आणि कधी शाळेत न गेलेल्यांतही फरक टिकला. २०१३ च्या या निष्कर्षाला सगळीकडून दुजोरा मिळाला असे नाही, वाद चालूच आहे. मात्र शिक्षण आणि भाषा यांना एकमेकांपासून सोडवून पाहता येईल अशी जागा कुठे आहे, हे ज्याच्या आजूबाजूला रोज तीन भाषा चालतात त्यालाच चटकन दिसले. टोरोंटोत बसून विषयांची यादी करणाऱ्याला ते सुचले असते, असे मानायला मी तयार नाही.

शिवाय माणसे अभ्यासात यायला हवीत. अमायलॉइडवरच्या अडुकॅनुमॅब या औषधाला अमेरिकेत २०२१ मध्ये मंजुरी मिळाली, तेव्हा त्याच्या मोठ्या चाचण्यांत कृष्णवर्णीयांचा वाटा शेकडा एकाहूनही कमी होता. ज्यांना रोग दुप्पट होतो असे सांगतात तेच जवळजवळ गैरहजर. अविश्वास हे त्याचे एक कारण. टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ पर्यंत सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना उपचार न देता नुसते पाहत बसण्याचा जो सरकारी अभ्यास झाला, तो तिथे कोणी विसरलेले नाही. उलट शिकागोच्या रश विद्यापीठात लिसा बार्न्स यांनी २००४ मध्ये केवळ कृष्णवर्णीय वृद्धांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला आणि तो वर्षानुवर्षे चालला. विश्वास ही अनुदानाच्या अर्जात दाखवता येणारी रक्कम नसली, तरी ती मिळवायला पगार, वेळ आणि सातत्य लागते. अविश्वास हेच एकमेव कारण, असेही नाही. चाचण्यांसाठी आलेले कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक लोक अमायलॉइड पुरेसे नाही म्हणून अधिक प्रमाणात बाद होतात. त्यांचा स्मृतिभ्रंश निराळ्या वाटेने येतो की काय, रक्तवाहिन्यांच्या आजारांचा त्यात वाटा मोठा आहे का, हा अजून न सुटलेला आणि फार मोठा प्रश्न आहे.

तिसरी अडचण या बाजूचीच आहे आणि ती मला खरी वाटते. संशोधकाच्या वंशावरून पैसा दिला तर आपण तोच ‘वंश’ नावाचा रकाना पुन्हा भरत नाही का, जो फुटबॉलच्या प्रमाणकांत इतका घातक ठरला? म्हणूनच साधनकेंद्रांसारखी रचना नुसत्या राखीव जागांपेक्षा बरी. तिथे नजर मोजपट्टीत सुधारणा झाली का यावर ठेवता येते. पण २०२५ मध्ये अमेरिकेत जे झाले ते या सुधारणेच्या दिशेने नव्हते. ट्रम्प प्रशासनाने जानेवारीत वैविध्याच्या सरकारी कार्यक्रमांवर बंदी आणली आणि एनआयएचने चालू अनुदाने मध्येच तोडायला सुरुवात केली. जूनमध्ये बोस्टनच्या संघीय न्यायालयात न्यायाधीश विल्यम यंग यांनी ही कारवाई बेकायदा ठरवली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सरकारला तूर्त मोकळीक दिली. दहा वर्षे चालणारा वृद्धांचा अभ्यास सातव्या वर्षी थांबला तर पैसा वाचत नाही, आधीची सात वर्षेही वाया जातात.

या घडामोडींशी आपला संबंध दूरचा नाही. भारतात ६० वर्षांवरच्या शेकडा ७.४ लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश आहे, हा आज सर्वत्र उद्धृत होणारा अंदाज दिल्लीच्या एम्स आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अभ्यासातून २०२३ मध्ये आला. तो ज्या मोठ्या पाहणीवर उभा आहे ती मुंबईतल्या देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने घेतली. स्त्रियांत, खेड्यांत आणि निरक्षरांत प्रमाण जास्त असल्याचे याच कामातून दिसले. पैसा मात्र मुख्यतः त्याच अमेरिकन वृद्धत्व संस्थेचा. मे २०२५ मध्ये एनआयएचने परदेशी भागीदारांना अनुदानातला वाटा देण्याची जुनी पद्धत थांबवली. आपल्या म्हाताऱ्यांची मोजणी दुसऱ्या देशाच्या अर्थसंकल्पावर किती काळ चालवायची, हे आपल्यालाच ठरवावे लागेल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने स्वतःच्या बळावर सुरुवात केली आहे. स्मृती, भाषा आणि लक्ष तपासणारा तिचा चाचणीसंच २०२० मध्ये पाच भाषांत प्रसिद्ध झाला: हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम. त्या पाचांत मराठी नव्हती. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी आणि वैद्यकीय महाविद्यालयांनी भाषाशास्त्र, मानसशास्त्र आणि न्यूरॉलॉजीतल्या तरुणांना, विशेषतः खेड्यांतून आलेल्यांना, एकत्र बसवून हे काम हाती घ्यावे, आणि राज्याने त्यासाठी पहिल्या पायरीचा पैसा द्यावा.